तोंडावाटे ॲसिड रिफ्लक्सवर उपचार: यश नेमके कशात मोजायचे?

एन्डोस्कोपने, म्हणजे तोंडावाटे आत घालायच्या कॅमेऱ्याच्या नळीने, ॲसिड रिफ्लक्स (जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर येणे) बरा करण्याच्या प्रयत्नांना २००० सालापासून खरा वेग आला. त्याआधी मुख्य वाटा दोन होत्या. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळायची शस्त्रक्रिया १९५०च्या दशकातली. १९९१ पासून ती पोटाला छोटी छिद्रे पाडून होऊ लागली. दुसरी वाट ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांची, १९८८ पासूनची. गोळीने आम्ल कमी होते, पण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली सैल पडलेली झडप सैलच राहते. म्हणून जळजळ थांबलेल्या कित्येकांना वाकले किंवा आडवे झाले की घशाशी पाणी येतच राहते. शस्त्रक्रियेने तेही थांबते, मात्र काहींना गिळायला त्रास होतो, पोट फुगते, ढेकर देता येत नाही. या दोहोंच्या मधली जागा रिकामी होती.

२००० मध्ये अमेरिकेत दोन उपकरणांना एकाच वर्षी परवानगी मिळाली. एक झडपेपाशी टाके घालणारे, दुसरे तिथल्या स्नायूला रेडिओफ्रिक्वेन्सीची (रेडिओ लहरींची) उष्णता देणारे. दोन्ही आधीच्या उपकरणांशी साधर्म्य दाखवून बाजारात आली. परिणाम सिद्ध करणारी मोठी चाचणी त्यासाठी लागली नाही. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ इथे आहे.

रेडिओफ्रिक्वेन्सीची खोट्या प्रक्रियेशी तुलना करणारी चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण ६४. निम्म्याहून थोड्या अधिक जणांवर खरी प्रक्रिया झाली, उरलेल्यांवर नुसता देखावा. सहा महिन्यांनी रोजची जळजळ थांबलेले खऱ्या गटात ६१ टक्के होते, देखाव्याच्या गटात ३३ टक्के. पण अन्ननलिकेत आम्ल किती वेळ राहते हे मोजले तेव्हा दोन गटांत फरक आढळला नाही, आणि गोळ्यांची गरजही सारखीच राहिली. समर्थकांचे म्हणणे, रुग्णाला बरे वाटते ना, मग आकड्यांचे काय? विरोधकांचे म्हणणे, आम्ल तसेच वर येत असेल तर अन्ननलिकेची इजा चालूच राहणार, फक्त ती जाणवणार नाही. दुसरी बाजू मला अधिक वजनदार वाटते. देखाव्यानेही तिघांपैकी एकाची जळजळ थांबते, अशा आजारात केवळ लक्षणांवर विसंबणे धोक्याचे आहे. तरीही वाद मिटला नाही. २०१३ मध्ये शल्यविशारदांच्या एका संघटनेने या पद्धतीची जोरदार शिफारस केली, तर पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी एन्डोस्कोपीच्या अशा उपचारांना नकार दिला. पुरावा जवळपास तोच, निकाल उलटे.

दरम्यान एक पद्धत जिवावर बेतली. झडपेच्या स्नायूत द्रव पॉलिमर टोचून तो आत घट्ट होऊ द्यायचा, ही २००३ मध्ये मान्य झालेली पद्धत २००५ मध्ये मागे घ्यावी लागली. सुई अन्ननलिकेच्या भिंतीपलीकडे गेल्याने गंभीर गुंतागुंती झाल्या, मृत्यूही ओढवला. इतर काही उपकरणेही त्याच दशकात बंद पडली.

टिकून राहिली ती २००७ मध्ये परवानगी मिळालेली, तोंडावाटे झडप नव्याने बांधायची पद्धत. एन्डोस्कोपवर चढवलेल्या उपकरणाने जठराची भिंत ओढून घडी घालतात आणि ती पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक खिळ्यांनी अन्ननलिकेला जखडतात. पोटावर एकही छेद नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला ही प्रक्रिया आणि खोटी गोळी दिली, दुसऱ्याला देखावा आणि खरे ओमेप्राझोल. घशाशी येण्याचा त्रास थांबला प्रक्रिया झालेल्यांपैकी ६७ टक्क्यांचा, गोळीवाल्यांपैकी ४५ टक्क्यांचा. या वेळी आम्लाचा आकडाही हलला: अन्ननलिका आम्लात राहण्याचा वेळ सरासरी एकूण मोजलेल्या वेळेच्या ९.३ टक्क्यांवरून ६.३ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी, पण ४ टक्क्यांखालचे प्रमाण सामान्य धरतात, तिथवर ती पोचली नाही.

जपानमध्ये निघालेली, झडपेपाशी अस्तराचा पट्टा काढून, जखम भरताना होणाऱ्या व्रणाने जठराचे तोंड आवळून घेणारी पद्धत त्यामानाने नवी आहे; तिच्यात कोणतेही उपकरण आत ठेवावे लागत नाही.

२०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत रेडिओफ्रिक्वेन्सीला नकार आहे. झडप बांधण्याच्या पद्धतीचा विचार करता येतो, तोही शस्त्रक्रिया नको असलेल्या आणि घशाशी येण्याचा किंवा जळजळीचा त्रास असलेल्यांसाठी. अन्ननलिकेला तीव्र सूज किंवा दोन सेंटिमीटरहून मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे) असेल तर नाही.