क्लोराइड-निवडक पटल

रक्त, लघवी, घाम यांसारख्या नमुन्यांतील क्लोराइड (मिठातील क्लोरीनचा ऋण आयन) मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या तोंडाशी बसवलेला पातळ पडदा. लॅबच्या रिपोर्टात सोडियम-पोटॅशियमच्या खाली क्लोराइडचा जो आकडा येतो, तो बहुतेक ठिकाणी या पडद्यावरच्या विद्युतदाबावरून काढतात. निरोगी प्रौढाच्या सीरममध्ये तो लिटरला साधारण ९८ ते १०७ मिलीमोल असतो.

१९७० मध्ये वेल्समधील कार्डिफ येथे मूडी, थॉमस आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियमसाठी पीव्हीसी या प्लॅस्टिकचे पटल वापरले. क्लोराइडचे पटलही त्याच वळणाचे आहे. पीव्हीसी, त्याच्या सुमारे दुप्पट प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ करणारे तेलकट द्रव्य) आणि ट्रायडोडेसिलमिथाइलअमोनियम क्लोराइड हा अमोनियम क्षार हे टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळवून काचेवर ठेवलेल्या काचेच्याच कड्यात ओततात. वर गाळणकागद ठेवून द्रावक रात्रभर सावकाश उडू देतात. सकाळी काचेवरून लवचिक पापुद्रा सोलून निघतो. त्याच्या चकत्या पाडून नळीच्या तोंडाशी चिकटवतात आणि मिठाच्या पाण्यात भिजत ठेवतात. अमोनियम क्षाराच्या धन आयनाला बारा-बारा कार्बनच्या तीन लांब शेपट्या असल्याने तो तेलकट पडद्यातच राहतो आणि बाहेरच्या ऋण आयनांना ओढतो.

३७ अंश सेल्सियसला क्लोराइड दहापट झाले की विद्युतदाब सुमारे ६१.५ मिलिव्होल्टने बदलतो. ऐकायला हे पुष्कळ वाटते. पण १०० वरून १०५ मिलीमोलवर गेल्यास फरक पडतो जेमतेम १.३ मिलिव्होल्टचा. म्हणूनच लॅबमध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणांशी ताळा, पुन्हा पुन्हा करावे लागते.

‘निवडक’ हे विशेषण या पडद्याला थोडे मोठेच पडते. पाणी सोडून तेलात शिरायला जो आयन जास्त राजी, त्याला पडदा आधी जवळ करतो. हॉफमाइस्टर क्रम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रांगेत थायोसायनेट, आयोडाइड, सॅलिसिलेट, ब्रोमाइड हे सगळे क्लोराइडच्या पुढे उभे असतात. रक्तात क्लोराइडची संख्याच प्रचंड, म्हणून एरवी निभावते. रुग्णाने ॲस्पिरिन फार मोठ्या प्रमाणात घेतले असेल, तर शरीरात तयार झालेले सॅलिसिलेटही क्लोराइड म्हणून मोजले जाऊ शकते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावरचे पिरिडोस्टिग्मिन हे औषध ब्रोमाइड-क्षाराच्या रूपात देतात. ब्रोमाइड साठले की क्लोराइड खोटेच चढते. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करून काढायची ॲनायन गॅप त्यामुळे घसरते, कधी शून्याखालीही जाते. असा रिपोर्ट हाती आला तर सलाइन बदलण्याआधी रुग्णाच्या गोळ्यांची पाकिटे पाहावीत.

चांदीच्या क्षारांची दाबून केलेली घन पटले हा दुसरा मार्ग. रक्तातील प्रथिने त्यांच्यावर चिकटतात आणि गंधकयुक्त थायोल चांदीला धरतात. घामात प्रथिने फार थोडी, त्यामुळे तिथे ती बरी चालतात. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आनुवंशिक आजाराच्या निदानात घामातील क्लोराइड ६० मिलीमोल किंवा अधिक असणे ही मोठी खूण मानतात. मात्र बाळाच्या आयुष्याचा प्रश्न असल्याने निर्णायक मोजणीसाठी कूलोमेट्रिक अनुमापनावर (विजेच्या प्रवाहाने चांदीचे आयन सोडून क्लोराइड मोजण्याच्या पद्धतीवर) अधिक भिस्त ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

क्लोराइडला नेमके ओळखणारा वाहक रेणू पडद्यात घालण्याचे प्रयत्नही झाले आहेत. मर्क्युराकार्बोरँड या रेणूत पाऱ्याचे तीन अणू कड्यासारखे बसलेले असतात आणि क्लोराइडला धरतात. सॅलिसिलेटचा त्रास त्याने बराच कमी होतो. पाऱ्याला ब्रोमाइड-आयोडाइडचीही ओढ असल्याने पिरिडोस्टिग्मिन घेणाऱ्या रुग्णाचा पेच मात्र तिथेही राहतो.