जंतूंचं विष: खाडीच्या पाण्यात आणि चिखलात

ओहोटीला रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत कांदळवनापाशी उतरलं की पाय चिखलात रुततो. वरचा पातळ थर सरकला की खाली काळा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा गाळ लागतो. त्या चिमूटभर गाळात अगणित जिवाणू दाटीवाटीने राहतात. मातीत आणि गाळात राहणारे कित्येक जिवाणू शेजाऱ्याला मारणारी रसायनं बनवतात. १९४३ साली सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक असंच मातीतल्या जिवाणूचं रसायन. पहिल्या पावसात मातीला येणारा वासही बराचसा त्याच कुळातल्या जिवाणूंचा.

पण विष बनवणं महाग पडतं. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूचे काही प्रकार कोलिसिन नावाचं विष बनवतात आणि ते बाहेर सोडताना पेशी स्वतःच फुटून मरते. मग ही सवय टिकलीच कशी?

लिन चाओ आणि ब्रूस लेविन या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये याचं उत्तर शोधलं. त्यांनी विषवाले आणि विषाला बळी पडणारे जिवाणू एकत्र वाढवले. द्रवात विषवाले शंभरात दोनांहून कमी असले, की हरत. विष सगळीकडे पातळ होई आणि मेलेल्यांच्या वाट्याचं अन्न कुणालाही मिळे. मऊ आगरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, मात्र जो तो आपल्या जागी. विषवाल्यांच्या वसाहतीभोवती जागा मोकळी होई, तिथलं अन्न त्यांच्याच भाऊबंदांना मिळे. तिथे दहा लाखांत एक असूनही त्यांची सरशी झाली.

२००२ मध्ये बेंजामिन कर आणि सहकाऱ्यांनी तीन प्रकार एकत्र वाढवले: विषवाले, विषाला बळी पडणारे आणि विष पचवणारे. विषवाले बळींना मारतात. पचवणाऱ्यांना विष बनवण्याचा खर्च नाही, म्हणून ते विषवाल्यांपेक्षा भरभर वाढतात. बळींना तर पचवण्याचाही खर्च नाही, म्हणून ते पचवणाऱ्यांना मागे टाकतात. दगड-कागद-कात्रीच ही. हलवलेल्या चंबूत शेवटी फक्त पचवणारे उरले. आगरच्या प्लेटवर शेजार न मोडता वाढवले, तेव्हा तिघेही टिकले. मला सगळ्यात बोलका वाटतो तो तिसरा प्रयोग: प्लेट तीच, पण दर वेळी जिवाणू मिसळून पसरले. तिथेही विविधता गेली.

म्हणून कांदळवनाच्या गाळात नवी प्रतिजैविकं शोधणाऱ्यांनी नमुना घोटून एकजीव करण्याआधी कोण कोणाशेजारी होतं हे टिपून ठेवावं, असं मला कळकळीने वाटतं. कोणता जिवाणू कोणाविरुद्ध विष बनवत होता, याचा माग त्या शेजारातच लागेल.