साध्या कॅमेऱ्यातून कापडाचा परावर्तन-आलेख: फोटो पाठवण्यापूर्वी वाचा

डाइंग, ब्लॉक प्रिंट आणि हातमागाच्या कामासाठी आम्ही फोटोवरून कापडाचा परावर्तन-आलेख काढून देतो. म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात दर १० नॅनोमीटरला कापड किती टक्के प्रकाश परतवतं, याचे ३१ आकडे. कॅमेरा मात्र तीनच आकडे देतो: लाल, हिरवा, निळा. त्या तीन आकड्यांत बसणारे आलेख असंख्य असतात. त्यातला खरा निवडता येतो, कारण रंगवलेल्या कापडाचे आलेख सहसा सावकाश चढतात-उतरतात आणि एकाच रंगवर्गातले आलेख एकमेकांच्या वळणाचे असतात. हे वळण आधी मोजलेल्या तुकड्यांवरून शिकावं लागतं. म्हणून फोटोपेक्षाही सोबतचे तुकडे महत्त्वाचे.

तुकडे

त्याच सुताचे, त्याच विणीचे आणि त्याच रंगवर्गाचे (रिॲक्टिव्ह, व्हॅट, ॲसिड, जो असेल तो) ६० ते १०० तुकडे द्या, फिक्यापासून गडदापर्यंत. प्रत्येक तुकडा १० सेंटिमीटर चौरस असावा. दोनदा घडी घातली की चार पदर होतात आणि खालचा टेबल झिरपून दिसत नाही. हे तुकडे आम्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे परावर्तन थेट मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतो. बाजारातला २४ चौकटींचा रंगतक्ता कॅमेरा तपासायला उत्तम, शिकवायला अपुरा: त्यावरचे रंग लेपाचे आहेत, सुतात मुरलेले नाहीत. सुतीवर बसवलेलं गणित रेशमाला लावू नका.

फोटो

फोटो रॉ फाइलमध्येच हवा, म्हणजे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने उजेड-रंग आपल्या मर्जीने वाकवलेले असतात आणि ती वाकवणूक पुरती उलटवता येत नाही. मोबाइलच्या सुधारलेल्या फोटोंबाबत तर विचारूच नका.

कॅमेरा नमुन्याच्या बरोबर वर, दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. आयएसओ १००, छिद्र एफ ८, फोकस आणि एक्स्पोजर हाताने पक्के. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/२५ ठेवा, नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतात. रंगतक्त्याचा पांढरा चौकोन कमाल आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. लाल, हिरवा, निळा यांतला एक जरी कमाल आकड्याला टेकून कापला गेला तरी तो नमुना बाद.

दिव्याची निवड हलक्यात घेऊ नका. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरजवळ उंच टोक असतं आणि ४८० च्या आसपास खड्डा; जिथे उजेडच नाही तिथलं परावर्तन कॅमेऱ्याला कळणार कुठून? हॅलोजनचा आलेख सलग चढत जातो, पण निळ्यात तो कमी पडतो. म्हणून शक्य असेल तर दोन फोटो घ्या, एक हॅलोजनखाली आणि एक एलईडीखाली, कॅमेरा आणि कापड तसूभरही न हलवता. तीनाचे सहा आकडे होतात. महागडा कॅमेरा घेण्यापेक्षा याचा फायदा जास्त, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक दिव्याखाली आणखी दोन फोटो लागतात: लेन्सला झाकण लावून एक, आणि नमुन्याच्या जागी मॅट पांढरा बोर्ड ठेवून एक. पहिला सेन्सरची पार्श्वभूमी वजा करायला, दुसरा कडेला कमी पडणारा उजेड सारखा करायला. बोर्ड म्हणून झेरॉक्सचा कागद चालत नाही. त्यातला चमकवणारा घटक अतिनील किरणं शोषून निळा उजेड सोडतो आणि सगळ्या नमुन्यांचा निळा भाग चुकतो.

तक्त्यातल्या शेवटच्या ओळीतले सहा राखाडी चौकोन साधारण ९०, ५९, ३६, २०, ९ आणि ३ टक्के परावर्तनाचे असतात. पार्श्वभूमी वजा केल्यावर कॅमेऱ्याचे आकडे याच प्रमाणात यायला हवेत. येत नसतील तर फाइल रॉ नाही, किंवा लेन्समध्ये बाहेरचा उजेड शिरतोय.

गणिताबद्दल थोडं

आलेख काढताना आम्ही कॅमेऱ्याच्या आकड्यांचे वर्ग आणि एकमेकांशी गुणाकार सरळ वापरत नाही. उजेड दुप्पट झाला की वर्ग चौपट होतो, आणि त्याच कापडाचा आलेख वेगळाच येतो. गुणाकाराचं वर्गमूळ घेतलं की तेही दुप्पटच होतं. आलेखाची उंची बदलते, वळण टिकतं.

जिथे हे चालत नाही

फ्लोरोसंट रंग आणि जरीचं काम घेऊ नये. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. कोन बदलला की रंग बदलतो, तेव्हा दोन्ही सुतं वेगवेगळी गुंडाळून पाठवा. नीळ (इंडिगो) फसवी आहे: तिचा आलेख ६६० नॅनोमीटरजवळ तळाशी असतो आणि ७०० च्या पुढे झपाट्याने चढतो, पण कॅमेऱ्याची अवरक्त गाळणी नेमका तोच भाग अडवते. काळ्या आणि गडद नेव्हीत परावर्तन ३-४ टक्के, त्यामुळे सेन्सरचा गोंगाट (आकड्यांतली विस्कळीत चढउतार) त्या मानाने मोठा. तिथे आम्ही १०० गुणिले १०० ठिपक्यांची सरासरी घेतो.

अहवाल कसा वाचावा

दहा तुकडे आम्ही शिकवण्यातून बाजूला ठेवतो आणि चूक त्यांच्यावरच मोजतो. मोजलेल्या आणि काढलेल्या आलेखांतला रंगफरक डी ६५ (दिवसाचा उजेड) आणि ए (साध्या बल्बचा पिवळसर उजेड) या दोन्ही प्रमाणित उजेडांत दिलेला असतो. डी ६५ खाली फरक छोटा आणि ए खाली मोठा असेल, तर रंग जुळलाय पण आलेख चुकलाय. असा आलेख रंगाची रेसिपी काढायला वापरू नका. शेड पास-नापासचा अंतिम निर्णय स्पेक्ट्रोफोटोमीटरवरच घ्या. दिवा, लेन्स किंवा कॅमेरा बदलला तर जुने तुकडे चालतील, फोटो मात्र सगळे नव्याने काढावे लागतील.