यशवंत तलाव, तोरणमाळ

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणचा तलाव व खानदेशातील कुटुंबांचे सहलीचे ठिकाण. अक्राणी (धडगाव) तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मी. उंचीच्या पठारावर तो आहे. पठाराच्या उत्तरेस नर्मदेचे व दक्षिणेस तापीचे खोरे. हा प्रदेश १९०६ पर्यंत अखंड खानदेश जिल्ह्यात, नंतर पश्चिम खानदेश म्हणजेच पुढच्या धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

तलावाचे आजचे नाव यशवंतराव चव्हाण यांच्यावरून पडल्याचे सांगतात. ते अर्थातच विसाव्या शतकातले. त्यामानाने ‘तोरणमाळ’ हे नाव जुने असून त्याच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. तोरणादेवीवरून हे नाव आले, असे एक मत. पठारावर पूर्वी तोरणाची झाडी दाट होती म्हणून ते पडले, असे दुसरे. तोरण (झिझिफस रुगोसा) हे बोरीच्याच प्रजातीतले काटेरी, काहीसे वेलीसारखे पसरणारे झुडूप. हिवाळ्यात त्याला बारीक फुलांचे घोस येतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी वाटाण्याएवढी पांढरी, पिठूळ गराची फळे पिकतात. रानातली मुले ती मुठीमुठीने खातात. दरवाजावरच्या तोरणाशी या झुडपाचा संबंध जोडण्याचे कारण नाही. ‘माळ’ हे उत्तरपदही द्व्यर्थी आहे. ‘तोरणांची माळ’ हा अर्थ सहलीच्या माहितीपत्रकांना प्रिय असला, तरी मोकळ्या, सपाट जमिनीचा वाचक असा पुल्लिंगी ‘माळ’ येथे अधिक जुळतो. स्थलनामांत झाड व भूरूप यांची अशी जोडी नेहमी आढळते. देवीचे नावही झाडावरूनच आले असणे अशक्य नाही. तसे असल्यास दोन्ही मतांत फारसा विरोध उरत नाही.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या खानदेश खंडात (१८८०) हे ठिकाण ‘तुरणमाळ’ या उच्चाराने येते. महाभारतातील युवनाश्व राजा येथला होता व तो पांडवांशी लढला, ही परंपरा त्यात नोंदवली असून पुढील लेखकांनी बहुधा तेथूनच ती उचलली आहे. महाकाव्यात युवनाश्व नावाचे एकाहून अधिक राजे येतात. त्यांपैकी मांधात्याचा पिता विशेष प्रसिद्ध. नर्मदेतील ओंकारेश्वराचे बेट मांधात्याच्या नावाने ओळखले जाते, तेव्हा पुत्राच्या ख्यातीमागोमाग पित्याची कथाही सातपुड्यावर चढली असावी, असा तर्क करता येतो. त्याच परंपरेत अश्वत्थाम्याचे स्थान म्हणून बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगड किल्ल्याचे नाव आहे. अक्राणीत मात्र हा मान अस्तंभा शिखराकडे जातो व धनत्रयोदशीच्या सुमारास तेथे यात्रा भरते. एकच कथा दोन डोंगरांनी वाटून घेतल्याचे हे उदाहरण लक्षात घेता युवनाश्वाच्या कथेवरून या स्थानाचा काळ ठरवू नये, हेच बरे.

सातपुड्याचा हा भाग दख्खनच्या लाव्हाथरांचा आहे. आडव्या थरांमुळे माथे सपाट राहतात, कडे तुटतात आणि माथ्यावरच्या उथळ खोलगटांत पावसाचे पाणी साचते. कमळांनी भरलेला लहानसा कमळ तलावही पठारावरच आहे. सीताखाई ही खोल दरी पावसाळ्यात धबधब्यांमुळे व धुक्यामुळे पाहण्याजोगी असते, मात्र धुके दाटले की काठावर उभे राहूनही ती दिसत नाही.

सहलीच्या आधीची येथली वहिवाट यात्रेची. गोरक्षनाथ मंदिरात महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते व महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून भाविक येतात. पुष्कळसे डोंगरवाटांनी पायी. मच्छिंद्रनाथाची गुंफाही जवळ आहे. गोरक्षनाथांचा काळ सर्वसाधारणपणे अकरावे-बारावे शतक मानला जातो, पण तोही वादग्रस्त आहे. आजही तलावावर आलेले कुटुंब आधी नाथाचे दर्शन घेते आणि मग पाण्याकाठी शिदोरी सोडते. हा क्रम पाहता सहल ही यात्रेचीच पुढची पायरी म्हणावी लागेल.

शहाद्याहून म्हसावद व राणीपूरमार्गे, सातपायरी घाट चढून सुमारे ५५ किमी. रस्ता आहे. नंदुरबार व दोंडाईचा ही सुरत–भुसावळ मार्गावरील सोयीची स्थानके. घाटातील वळणांवर लहान मुलांना मळमळते, म्हणून जाणती माणसे न्याहारी वर पोहोचल्यावरच काढतात. पावसाळ्याची अखेर ते थंडी हा हंगाम. तापीकाठी ऐन मे महिन्यात जीव कासावीस होतो तेव्हाही लोक येतात, पण तेव्हा पाणी उतरलेले असते. हिवाळ्यातल्या शिदोरीत वांग्याचे भरीत, पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा ठरलेला. तलावात नौकाविहार चालतो. रात्रीच्या मुक्कामाला गरम कपडे लागतात. जळगाव-धुळ्याच्या मंडळींना हे दरवेळी नव्याने कळते.

पठारावर मुख्यतः पावरा व भिल्ल लोकांची वस्ती असून पावरी व भिलोरी बोली बोलल्या जातात. अहिराणी पायथ्याच्या बाजारगावांतून वर येते.