बालपोषण: गरीब आणि श्रीमंत देशांतल्या मुलांची वाढ

बालपोषण म्हणजे आई गरोदर राहिल्यापासून मूल पाच वर्षांचं होईपर्यंत त्याच्या अंगाला जे जे लागतं ते सगळं. त्यात आईचं दूध आलं, वरचं अन्न आलं, स्वच्छ पाणी, लसी, आजारपणात वेळेवर मिळालेलं औषध आलं, आणि घरात निवांत बसून भरवायला कोणीतरी माणूस असणंही आलं, हे शेवटचं बऱ्याचदा मोजलंच जात नाही. विकसनशील आणि विकसित देशांतल्या मुलांच्या तब्येतीत जो फरक दिसतो तो बहुतेक याच गोष्टींतून येतो.

फरक किती आहे हे आधी आकड्यांत बघू. १९९० मध्ये जगात जिवंत जन्मलेल्या दर १००० मुलांमागे ९३ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जायची, २०२२ मध्ये हा आकडा ३७ वर आला, खूप मोठी गोष्ट आहे ही, तरी त्या एका वर्षात ४९ लाख मुलं गेलीच. त्यातली जवळपास निम्मी जन्मानंतरच्या पहिल्याच महिन्यात. उरलेल्यांत न्यूमोनिया, जुलाब, मलेरिया हे मोठे, म्हणजे नॉर्वेत किंवा जपानमध्ये ज्यांनी मूल दगावणं आता फार क्वचित घडतं असे आजार. पण सगळं पैशावरच ठरतं असंही नाही. २०२० सालचा अर्भक मृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आत जाणारी मुलं दर हजारी, भारताचा २८ होता, महाराष्ट्राचा १६, केरळचा ६ आणि अमेरिकेचा साधारण साडेपाच. केरळ अमेरिकेच्या मांडीला मांडी लावून बसलंय, आणि जपान त्या दोघांच्याही पुढे, २ च्या आसपास.

"आपली मुलं मुळातच लहान चणीची"

हे वाक्य आपल्याकडे आजीपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि या विषयातला सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज माझ्या मते हाच आहे, कारण एकदा "आपल्याकडे असंच" म्हटलं की मग काही करायचंच उरत नाही.

पूर्वी जगभर वापरात असलेले वाढीचे तक्ते अमेरिकन मुलांवरून बनवलेले होते, त्यातली अगदी लहान मुलं तर बरीचशी बाटलीच्या दुधावरची. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणी मुलं मोजली: ब्राझीलमधलं पेलोतास, घानाची राजधानी आक्रा, आपली दिल्ली, ओस्लो, ओमानचं मस्कत आणि कॅलिफोर्नियातलं डेव्हिस. मिळून सुमारे साडेआठ हजार मुलं. निवडताना अट अशी की घरची परिस्थिती बरी पाहिजे, आई सिगारेट ओढणारी नको, बाळ आईच्या दुधावर असलं पाहिजे, लसी झालेल्या पाहिजेत. निकाल काय आला, तर सहाही ठिकाणची मुलं जवळजवळ सारखीच वाढली. उंचीत जो काही फरक होता त्यातला जेमतेम ३ टक्के ठिकाणामुळे होता, आणि ७० टक्के एकाच गावातल्या मुला-मुलांमधला, जो सगळीकडे असतोच. दक्षिण दिल्लीतलं खाऊनपिऊन सुखी घरातलं बाळ ओस्लोतल्या बाळासारखंच बाळसं धरत होतं. २००६ मध्ये यावरून नवे तक्ते निघाले आणि आज अंगणवाडीत तेच वापरतात.

या तक्त्यावर तीन गोष्टी कळतात. वयाच्या मानाने उंची कमी म्हणजे खुजेपणा, हा महिनोन्महिने कमी पडत गेल्याचा हिशोब असतो. उंचीच्या मानाने वजन कमी म्हणजे मूल वाळलेलं, हे अलीकडचं असतं, आजारपण किंवा घरात अचानक आलेली टंचाई. आणि वयाच्या मानाने वजन कमी, यात दोन्ही मिसळलेलं. दोन वर्षांच्या मुलग्याची उंची साधारण ८७ सेंटीमीटर असते, ८१ च्या खाली गेली की तो खुजा धरतात. २०२२ मध्ये जगातली १४ कोटी ८१ लाख मुलं खुजी होती आणि साडेचार कोटी वाळलेली, यातली बहुतेक आफ्रिका आणि आशियातली.

गावातलं वजन करणं एकदा बघावं. छताच्या कडीला काटा टांगलेला, त्याला लटकवलेल्या चड्डीसारख्या झोळीत बाळ पाय झाडतंय, गळा काढून रडतंय, सुई थरथरतेय, सेविका ती थांबायची वाट बघतेय, आई एका हाताने झोळी धरायला जाते आणि सेविका म्हणते "ताई हात काढा". मग तक्त्यावर एक टिंब. दर महिन्याची टिंबं जोडली की रेघ होते, ती चढती असली तर बरं, आडवी झाली की बाळाला काहीतरी झालंय, आईला ते दिसायच्या आधी रेघेवर दिसतं. दंडाला गुंडाळायची एक पट्टी पण असते, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल "सॅम", तीव्र कुपोषित. मोठ्या माणसाच्या अंगठा आणि तर्जनीच्या गोलात असा दंड सहज मावतो, हातात धरला की काळजात चर्र होतं.

पुणे आणि साउदॅम्प्टन

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला, त्या गरोदर राहायच्या आधीपासून. गरोदरपणाआधी या बायकांचं सरासरी वजन ४२ किलो होतं आणि उंची १५२ सेंटीमीटर. शेतातलं काम, पाणी भरणं, स्वयंपाक, आणि जेवणाची पाळी घरात सगळ्यात शेवटी. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची.

इथपर्यंत अपेक्षित होतं, पुढचं नव्हतं. चिमट्यासारख्या मापकाने कातडीची घडी धरून तिच्याखालची चरबी मोजली तेव्हा कळलं की आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबी मात्र जवळपास इंग्लिश बाळाइतकी राखलेली. याला नाव पडलं थिन-फॅट बेबी, दिसायला काडी पण आत चरबी जपून ठेवलेली. आपल्याकडे सडपातळ माणसाला चाळिशीच्या आतच डायबेटिस का होतो याचा एक धागा असा आईच्या पोटापर्यंत जातो.

आणखी एक. या गावांतल्या ज्या बायकांनी गरोदरपणात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाल्लं त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. नुसत्या भाकरीच्या संख्येशी वजनाचा तसा संबंध लागला नाही. आणि निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. पोट भरलेलं असून अंग उपाशी, असा हा प्रकार, आणि सरकारी धान्याच्या पोत्याने तो भरून निघत नाही.

"पोटातलं बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल, कमी खा" असं सांगणाऱ्या सासवा अजून आहेत. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, दवाखाना वीस-पंचवीस किलोमीटरवर असताना अडलेली बाळंतीण त्यांनी डोळ्याने पाहिलेली असते.

वाटीतलं पाणी

सहा महिन्यांपर्यंत नुसतं आईचं दूध, पाण्याचा थेंबही नको, आणि पहिलं चिकाचं दूध तर टाकायचंच नाही. हे आता बऱ्यापैकी पोचलंय. गाडी अडते ती उष्टावणानंतर. खुजेपणा सगळ्यात जास्त सहा महिने ते दोन वर्षं या काळातच येतो आणि कारण साधं आहे, सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी मावतं जेमतेम २०० मिलिलिटर, आणि त्यात आपण भरतो डाळीवरचं पाणी, तांदळाची पातळ पेज, नाहीतर चहात बुडवलेलं बिस्किट. पोट गच्च भरतं, बाळ झोपतं, आईला वाटतं जेवलं. त्याच वाटीत डाळ-भात घोटून घट्ट केला, वर चमचाभर तेल किंवा तूप, अर्धं अंडं कुस्करून घातलं तर तेवढ्याच मापात दुप्पट-तिप्पट ताकद जाते. पण मग ते भरवायला वेळ लागतो आणि दिवसातून चार-पाच वेळा भरवायचं असतं, आई सकाळी सातला मजुरीला गेली की बाळ आठ वर्षांच्या ताईकडे, मग पाच रुपयाचा पुडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा ते तेवीस महिन्यांच्या भारतीय मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं निघाली ११ टक्के.

त्यात पाणी. जुलाबाच्या प्रत्येक फेऱ्यात मूल वाढीत मागे जातं, आणि अस्वच्छ परिसरात वारंवार पोटात गेलेल्या जंतूंनी आतड्याचं अस्तर असं होतं की खाल्लेलं नीट लागत नाही. जुलाबाने मरायचं प्रमाण ज्या एका गोष्टीने कमी केलं ती आपल्याच भागातली, १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि ३० टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. आणि जुलाबात खाणं बंद करायचं नाही.

श्रीमंत देशही इथूनच गेले

१९०० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये दर हजारी दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जायची. कारखान्यांच्या धुरकट शहरांत ऊन मिळेना म्हणून पोरांना मुडदूस व्हायचा, पाय धनुष्यासारखे वाकायचे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी सैन्यभरती काढली तर इतकी तरुण पोरं अंगाने नापास झाली की सरकार हादरलं, आणि १९०६ मध्ये शाळेत गरीब मुलांना जेवण द्यायचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात तर अन्नाची मारामार असताना गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी दूध, कॉड लिव्हर ऑइल, संत्र्याचा रस बाजूला काढून ठेवला जायचा. फिनलंडने १९३८ पासून गरीब आयांना बाळाच्या कपड्यांची पेटी द्यायला सुरुवात केली, १९४९ पासून सगळ्यांना, अट एकच, आईने वेळेत तपासणीला यायचं. जपानमध्ये १९४८ पासून प्रत्येक गरोदर बाईला माता-बाल पुस्तिका मिळते. दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटीमीटरने वाढली, माणसं तीच.

आता तिथे दुखणं वेगळं आहे. इंग्लंडमध्ये दहा-अकरा वर्षांच्या पाच मुलांत एक लठ्ठ असतं आणि गरीब वस्त्यांत हे प्रमाण श्रीमंत वस्त्यांच्या दुपटीहून जास्त, कारण स्वस्तात पोट भरणारं अन्न तिथेही पाकिटातलंच. आपल्याकडे तर एकाच तालुक्यात दोन्ही दिसायला लागलंय.

महाराष्ट्रात

एकात्मिक बालविकास योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ ठिकाणी सुरू झाली, अंगणवाडी त्यातूनच आली. महाराष्ट्रात खुजी मुलं २००५-०६ मध्ये ४६ टक्के होती, २०१५-१६ मध्ये ३४ वर आली आणि पुढच्या पाहणीत ३५, म्हणजे तिथेच अडकली. मेळघाट, नंदुरबारचे अक्कलकुवा-धडगाव, पालघरचे जव्हार-मोखाडा, गडचिरोली ही नावं दर पावसाळ्यात पेपरात येतात. पावसाळ्याआधी घरातलं धान्य संपतं, दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर नाहीतर ऊसतोडीला, मूल बरोबर जातं आणि गावच्या अंगणवाडीच्या वजनाच्या यादीतून गळतं. २०१५ पासून आदिवासी भागात एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा आईला एक वेळचं पूर्ण ताट आणि मुलांना अंडी-केळी मिळतात, ताट आईच्या पुढ्यात ठेवलं जातं ही यातली मला सगळ्यात पटणारी गोष्ट.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं, बाळाचं वजन करायचं, ऊबदार गुंडाळायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचं, सगळं घरातच. १९९९ मध्ये निकाल छापून आला, ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन जे बाळ बघतात ते याच धर्तीवर.

आणि पुण्याजवळच्या त्या सहा गावांत १९९३ नंतर जन्मलेली काडीसारखी बाळं मोठी झाली, २०१२ मध्ये त्यातल्याच मुलामुलींना रोज बी-१२ ची गोळी द्यायचा प्रयोग सुरू झाला, त्यांची लग्नं व्हायच्या, मुली गरोदर राहायच्या कितीतरी आधी, त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांसाठी.