गरोदरपणातला स्राव: औषध कुणाला, कधी?

गरोदरपणात अंगावरून पांढरं जाण्याचं प्रमाण वाढतंच. स्राव दुधाळ असेल आणि त्याला उग्र वास नसेल, तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. मात्र तो पातळ, करडसर झाला आणि माशासारखा वास येऊ लागला, विशेषतः शरीरसंबंधानंतर, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिसची, म्हणजे योनीमार्गातल्या जिवाणूंचा समतोल बिघडल्याची शंका घ्यावी.

योनीमार्गात सहसा लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचं राज्य असतं. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.५च्या वर जाऊ देत नाहीत. ते घटले की गार्डनरेला, प्रिव्होटेला यांसारख्या जिवाणूंना रान मोकळं मिळतं. हा त्रास अस्वच्छतेमुळे होतो असं समजून बायका आतून धुवायला लागतात आणि उरलेसुरले उपयोगी जिवाणूही घालवतात. योनीमार्ग आतून धुवायचा नसतो, गरोदरपणात तर नाहीच.

डॉक्टर स्रावाचा रंग, पीएच आणि वास पाहतात, सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी लडबडलेल्या पेशी शोधतात. १९८३पासून वापरात असलेल्या अ‍ॅमसेल निकषांनुसार या चारपैकी तीन खुणा आढळल्या की निदान पक्कं. अंदाजाने बुरशीवरचं मलम आणून लावलं तर त्याचा इथे काही उपयोग नाही. औषधं वेगळी आहेत: मेट्रोनिडॅझोल किंवा क्लिंडामायसिन, साधारण सात दिवस. मेट्रोनिडॅझोल वारेतून बाळापर्यंत पोहोचतं, पण माणसांवरच्या अभ्यासांत त्यामुळे जन्मजात व्यंग आल्याचं दिसलेलं नाही. त्याच कुळातलं टिनिडॅझोल मात्र गरोदरपणात टाळतात.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. हा संसर्ग असलेल्यांमध्ये मुदतपूर्व प्रसूती आणि वेळेआधी गर्भजलाची पिशवी फुटणं जास्त आढळतं. मग सगळ्याच गरोदर स्त्रिया तपासाव्यात आणि संसर्ग सापडला की औषध द्यावं, हे ओघाने आलंच, नाही का? फ्रान्समध्ये नेमकं हेच करून पाहिलं. ज्यांना मुदतपूर्व प्रसूतीचा धोका कमी होता अशा स्त्रियांना गरोदरपणाच्या सुरुवातीलाच क्लिंडामायसिन दिलं. २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: उशिराचे गर्भपात आणि फार लवकर होणाऱ्या प्रसूती कमी झाल्या नाहीत. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक घालवली की दुसरीही जाईल, असं नसतं.

म्हणून कमी जोखमीच्या आणि काहीही त्रास नसलेल्या गरोदर स्त्रियांची सरसकट तपासणी करू नये, असा अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाचा २०२०चा सल्ला आहे. माझ्या मते तो रास्त आहे. विनाकारण घेतलेलं अँटिबायोटिक चांगल्या जिवाणूंनाही सोडत नाही. लक्षणं असतील तर मात्र उपचार घ्यायचेच. आधी मुदतपूर्व प्रसूती झालेली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

बरं झाल्यावर हा त्रास पुन्हा उद्भवणं अगदी सर्रास दिसतं. तेव्हा जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नयेत, पुन्हा तपासून घ्यावं. आणि पाण्यासारखा स्राव, रक्त, ताप किंवा पोटात कळा असतील, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावं.