मोबाइल बँकिंग : सातत्य आणि शिफारस

बँकेचे ॲप घेतलेला ग्राहक ते पुढेही वापरत राहतो का आणि दुसऱ्याला ‘हेच घे’ म्हणतो का, याचा विचार या विषयात होतो. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये नवे तंत्र स्वीकारण्यामागे उपयुक्तता आणि सुलभता ही कारणे मांडली. दुसरे संशोधक अनोल भट्टाचार्जी यांनी २००१ मध्ये पुढचा प्रश्न घेतला : माणूस टिकतो कशाने? अपेक्षा आणि अनुभव यांचा मेळ बसला की समाधान होते आणि समाधानातून सातत्य येते, असे त्यांचे प्रतिपादन.

नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्याच नाशिकमध्ये आता भाजीची जुडीसुद्धा क्यूआर कोडवर विकली जाते. मात्र २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर खाते एका बँकेत आणि ॲप भलत्याच कंपनीचे, अशी सोय झाली. त्यामुळे बँकेचे स्वतःचे ॲप अनेकदा शिल्लक पाहण्यापुरते उरते. लासलगावला कांद्याचा लिलाव आणि काटा उरकून हातात हिशेबपट्टी आलेला शेतकरी ॲप उघडतो, तो रक्कम जमा झाली का एवढेच पाहायला. तेवढे झटकन दिसले की रंगरूपाचे त्याला काही पडलेले नसते.

खरी कसोटी पैसे अडकल्यावर लागते. खात्यातून रक्कम वजा होते, दुकानातला स्पीकर मात्र गप्प. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार यूपीआयने एखाद्याच्या खात्यावर पाठवलेली रक्कम तिथे जमा झाली नाही, तर व्यवहारानंतर एका दिवसात, आणि दुकानदाराला दिलेली असल्यास पाच दिवसांत परत यायला हवी. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. ‘पैसे कुठे आहेत, कधी येतील’ हे स्वच्छ मराठीत सांगणारे ॲप चुकले तरी माफ होते; नुसते ‘प्रलंबित’ दाखवणारे मनातून उतरते.

सातत्य म्हणजे पसंती नव्हे. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत पगाराचे खाते कंपनी सांगेल त्या बँकेत, म्हणून ॲपही तेच. कुरकुरत का होईना, वापरले जाते. शिफारस मात्र कोणी सक्तीने करत नाही, कारण तिची जबाबदारी गळ्यात पडते. वडिलांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून देणारी लेक त्यांची कायमची मदतवाहिनी होते. अपडेट आले, बटण जागचे हलले, की फोन तिलाच : “अगं, ते पैसे पाठवायचं कुठं गेलं?”